मृत्यूनंतरचे प्राध्यापकपद

फेब्रुवारी 2012 मध्ये अमेरिकेतील युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनियाच्या विश्वस्तांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना समाजशास्त्र आणि आफ्रिकाना अभ्यास (आफ्रिकी वंशाच्या लोकांचा अभ्यास) या विषयांचे मानद निवृत्त प्राध्यापकपद बहाल केले. ड्यू बॉइस 27 ऑगस्ट 1963 रोजी घानातील आक्रा शहरात वारले होते. मृत्यूनंतर 48 वर्षांनी त्यांची नेमणूक झाली. अशा नेमणुकीला विरोध कोण करणार? मृत माणूस पगार मागत नाही. तो विद्याशाखेच्या बैठकीत उठून जाब विचारत नाही. शेजारच्या वस्तीतल्या घर गेलेल्या भाडेकरूंना घेऊन अध्यक्षांच्या दारात उभाही राहत नाही. गुणवंताचा सन्मान म्हणून त्या ठरावाकडे पाहणारे पाहोत. मला तो एका सबंध समाजाने स्वतःच्या सहीने लिहून दिलेला कबुलीजबाब वाटतो.

कारण हेच ड्यू बॉइस याच विद्यापीठात 1896 साली जिवंत, 28 वर्षांचे आणि कामाला सज्ज असे आले होते. हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन. बर्लिनला त्यांनी दोन वर्षे अभ्यास केलेला, आफ्रिकन गुलामांच्या व्यापाराच्या दडपणुकीवरचा त्यांचा प्रबंध हार्वर्डच्या इतिहास ग्रंथमालेतले पहिले पुस्तक म्हणून त्याच वर्षी निघालेला. एवढ्या विद्वत्तेला पेनसिल्व्हेनियाने काय दिले? ‘समाजशास्त्रातील साहाय्यक’ असे एक तात्पुरते पद आणि वर्षाला 900 डॉलर. वर्ग शिकवायला दिले नाहीत. विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत इतरांच्या नावांबरोबर त्यांचे नाव छापले नाही. काम मात्र असे सांगितले, की ते करायला दुसरा कोणी धजला नसता. शहराच्या सातव्या वॉर्डात, कृष्णवर्णीयांच्या दाट वस्तीत जायचे, आणि तिथे गुन्हेगारी, गरिबी आणि रोगराई का आहे याचा अहवाल आणायचा. अहवालात काय यावे याची पुढाऱ्यांच्या मनातली अपेक्षा ड्यू बॉइसना ठाऊक होती: शहर नासले आहे, आणि ते या लोकांमुळे नासले आहे.

ड्यू बॉइस नव्याने लग्न झालेल्या पत्नीसह त्याच वॉर्डात एका खानावळीवरच्या खोलीत राहायला गेले. घरोघर फिरले. सुमारे 2,500 कुटुंबांच्या उंबऱ्यात उभे राहून त्यांनी स्वतः प्रश्न विचारले, स्वतः तक्ते भरले, घर न्‌ घर रंगवलेला नकाशा केला. लोकांनी त्यांचे आनंदाने स्वागत केले नाही, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. आपल्याला एखादा विचित्र प्राणी समजून कोणी तपासायला आला आहे, ही भावना त्या माणसांच्या मनात होती आणि ती रास्त होती. ड्यू बॉइस त्या भावनेवर रागावले नाहीत, तिच्यापाशी थांबले. लोकांच्या चर्चमध्ये, मंडळ्यांत, स्वयंपाकघरांत बसून त्यांनी पाहिले, की शिकलेल्या मुलीला दुकानात हिशेबाला कोणी ठेवत नाही. कसबी कारागिराला कामगार संघटना आत घेत नाही. त्याच मोडक्या घराचे भाडे कृष्णवर्णीयाकडून जास्त घेतले जाते. 1899 मध्ये ‘द फिलाडेल्फिया निग्रो’ हा त्यांचा ग्रंथ निघाला. वस्तीवर ठेवलेला आरोप त्यात शहराच्या दारात परत आला होता. आज अमेरिकन समाजशास्त्राचा इतिहास सांगणारे त्याला पायाभूत ग्रंथ मानतात.

आज अमेरिकन विद्यापीठे जाहिराती काढतात: आफ्रिकाना अभ्यासासाठी ज्येष्ठ प्राध्यापक पाहिजे, आणि त्यांची विद्वत्ता समाजाशी जोडलेली असावी. सातव्या वॉर्डात ड्यू बॉइस करत होते ते हेच. विद्वत्ता समाजाशी जोडलेली असते म्हणजे विद्वानाने वर्षातून एकदा वस्तीत जाऊन भाषण देणे नव्हे. संशोधनाचा प्रश्नच लोकांसोबत बसून ठरवायचा, माहिती गोळा करताना त्यांना विचारायचे, निष्कर्ष आधी त्यांच्यासमोर वाचायचा, आणि त्या निष्कर्षाचा त्यांना कोर्टात, नगरपालिकेत, शाळेच्या मंडळात उपयोग होतो की नाही याची जबाबदारी घ्यायची. हे काम संथ असते. ते संथ का असते, याचे कारण अमेरिकेच्या इतिहासातच आहे. अलाबामातल्या मेकन परगण्यात 1932 पासून 1972 पर्यंत सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने 399 कृष्णवर्णीय पुरुषांना उपदंश आहे हे जाणूनही उपचारांविना ठेवले. त्यांचा रोग कसा वाढत जातो याच्या नोंदी केल्या, आणि पेनिसिलिन हाती आल्यावरही ते त्यांना दिले नाही. असा अभ्यास सोसलेला समाज पुढच्या अभ्यासकाला दारात उभे करून वर्ष-वर्ष तपासतो. तो त्याचा हक्क आहे.

‘द फिलाडेल्फिया निग्रो’ लिहिणाऱ्या ड्यू बॉइसना पेनसिल्व्हेनियाने ठेवून घेतले नाही. त्यांना प्राध्यापकपद दिले ते अटलांटा युनिव्हर्सिटीने, गुलामीतून सुटलेल्यांच्या लेकरांसाठी उभ्या राहिलेल्या एका गरीब संस्थेने. श्रीमंत विद्यापीठाने काम करून घेतले आणि गरीब संस्थेने माणूस सांभाळला. ही वाटणी नंतर शंभर-सव्वाशे वर्षे चालत आली आहे.

आता त्या श्रीमंत विद्यापीठाचा शेजार पाहू. पश्चिम फिलाडेल्फियात विद्यापीठाला लागून ‘ब्लॅक बॉटम’ नावाने ओळखली जाणारी कृष्णवर्णीयांची वस्ती होती. दुकाने, चर्च, पिढ्यान्‌पिढ्यांची घरे, सगळे काही होते. 1959 मध्ये पेनसिल्व्हेनिया, ड्रेक्सेल आणि आसपासच्या संस्थांनी मिळून एक महामंडळ काढले, शहराच्या नूतनीकरणाचा कायदा हाती घेतला, आणि साठच्या दशकात ती वस्ती जमीनदोस्त झाली. हजारो माणसे उठली. तिथे विज्ञान केंद्र उभे राहिले. फेब्रुवारी 1969 मध्ये विद्यार्थ्यांनी कॉलेज हॉलमध्ये सहा दिवस ठिय्या दिला, तो उठवलेल्या कुटुंबांना घरे द्या याच मागणीसाठी. त्या पाडलेल्या वस्तीच्या जागेवर पुढे कमी उत्पन्नाच्या सुमारे 70 कुटुंबांसाठी घरे बांधली गेली होती. 2021 मध्ये मालकाने ती विकायची ठरवल्यावर त्या कुटुंबांनाही बाहेर पडावे लागले. ज्या वस्तीशी विद्वत्ता जोडायची, ती वस्तीच आधी पुसून टाकली. मग जोडायचे कुणाशी?

याच विद्यापीठाच्या संग्रहालयात सॅम्युअल मॉर्टन नावाच्या एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरने जमवलेल्या शेकडो कवट्या होत्या. मानववंशांची उतरंड लावण्यासाठी त्याने त्या मोजल्या होत्या. त्यांत फिलाडेल्फियाच्याच कृष्णवर्णीय गरिबांच्या कवट्या होत्या. त्यांपैकी 19 जणांचे अवशेष 2024 मध्ये ईडन दफनभूमीत ठेवले गेले. तेव्हाही वस्तीतल्या कार्यकर्त्यांची तक्रार हीच होती, की कुणाला, कधी आणि कसे पुरायचे हे आमच्याबरोबर ठरायला हवे होते, ते विद्यापीठाने ठरवले.

त्याहून भयंकर गोष्ट 2021 च्या एप्रिलमध्ये उघडकीला आली. 13 मे 1985 रोजी फिलाडेल्फियाच्या पोलिसांनी ओसेज अव्हेन्यूवरच्या ‘मूव्ह’ या कृष्णवर्णीय संघटनेच्या घरावर हेलिकॉप्टरमधून बॉम्ब टाकला. 11 माणसे मेली. त्यांत 5 मुले होती. आग पसरू दिली गेली, आणि 61 घरे जळाली. त्या मृतांचे काही अवशेष मानवशास्त्रज्ञांच्या हाती गेले होते आणि इतक्या वर्षांनंतरही ते विद्यापीठाच्या संग्रहालयात होते. मुलांच्या नातेवाइकांची परवानगी न घेता एका ऑनलाइन अभ्यासक्रमात ती हाडे कॅमेऱ्यासमोर हातात धरून शिकवले गेले. ही गोष्ट बाहेर काढली कुणी? त्या विद्यापीठाच्या कोणत्या विभागाने नव्हे. पश्चिम फिलाडेल्फियात वाढलेल्या एका सामाजिक कार्यकर्त्याने वृत्तपत्रात लेख लिहिला, तेव्हा ती जगाला कळली. मानवशास्त्राची कसलीही खुर्ची या कार्यकर्त्याकडे नव्हती. शेजाऱ्यांशी नाते मात्र होते.

इथे एक कटू सत्य सांगितलेच पाहिजे. बॉम्ब पडला तेव्हा शहराचे महापौर विल्सन गुड हे स्वतः कृष्णवर्णीय होते, शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. खुर्चीवर आपल्यातला माणूस बसला म्हणजे अन्याय टळतो, या भाबड्या समजुतीला ओसेज अव्हेन्यूने कायमचे उत्तर दिले आहे. म्हणून एखाद्या विद्यापीठाने एक ज्येष्ठ कृष्णवर्णीय प्राध्यापक आणून बसवला, त्याचे छायाचित्र माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर छापले, एवढ्याने माझे समाधान होत नाही. त्याला काय करू देणार, हा प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

आफ्रिकाना अभ्यास हा विषय विद्यापीठांनी प्रेमाने सुरू केलेला नाही, हे आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावे. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजमध्ये 6 नोव्हेंबर 1968 रोजी विद्यार्थ्यांचा संप सुरू झाला आणि पुढच्या मार्चपर्यंत चालला. अमेरिकेतला सर्वांत दीर्घ विद्यार्थी संप. पोलिसांच्या लाठ्या पडल्या, शेकडो मुले पकडली गेली. कृष्णवर्णीय विद्यार्थी संघाच्या मागण्यांत एक मागणी अगदी साधी होती: नेथन हेअर यांना पूर्ण प्राध्यापकपद आणि त्यांच्या योग्यतेचा पगार द्या. दुसरी: विभागाला 20 पूर्णवेळ शिक्षक द्या. हेअर समाजशास्त्रज्ञ. त्यांनी 1968 मध्येच विभागाचा जो आराखडा लिहिला होता, त्यात विद्यार्थ्यांनी वस्तीत जाऊन काम करणे हा अभ्यासक्रमाचाच भाग होता. कॉलेज समाजात न्यायचे आणि समाज कॉलेजात आणायचा. संप मिटला, विभाग झाला, देशभर गाजला. हेअर यांची नोकरी मात्र गेली. ज्याच्या विचारावर विभाग उभारला, त्याला वगळून विभाग स्वीकारला गेला. हेअर पुढे मानसशास्त्र शिकले, समुपदेशन केले, ‘द ब्लॅक स्कॉलर’ हे नियतकालिक सहकाऱ्यांसह काढले, आणि 2024 मध्ये वारले.

कॉर्नेलमध्ये 1969 मध्ये विद्यार्थ्यांनी विलर्ड स्ट्रेट हॉल ताब्यात घेतला. त्याच वर्षी जेम्स टर्नर यांच्या नेतृत्वाखाली आफ्रिकाना अभ्यासाचे केंद्र सुरू झाले. पहिले वर्ष पुरे व्हायच्या आत, 1 एप्रिल 1970 रोजी केंद्राची इमारत आग लावून जाळण्यात आली. टर्नरनी काम थांबवले नाही. आज शेकडो विद्यापीठांत हा विषय शिकवला जातो तो अशा माणसांनी दिलेल्या किमतीवर.

आणि आजची परिस्थिती? कायद्याने दारे उघडी आहेत, म्हणून आता पाप अधिक सभ्य रीतीने होते.

समजा एक तरुण कृष्णवर्णीय विदुषी एखाद्या मोठ्या विद्यापीठात साहाय्यक प्राध्यापक म्हणून लागली. साधारण सहाव्या वर्षी तिच्या कायम नेमणुकीचा निकाल लागणार. नकार आला तर वर्षभरात चंबूगबाळे आवरून जायचे. या सहा वर्षांत ती जवळच्या वस्तीतल्या वृद्ध बायकांच्या आठवणी नोंदवते, भाडेकरू संघटनेला घरमालकांच्या नोटिसा वाचायला शिकवते, कुणाला कुठून हाकलले याचा नकाशा करून नगरपालिकेपुढे मांडते. नगरपालिका त्या नकाशावरून धोरण बदलते. आता निकालाच्या वेळी तिचे काम तीन रकान्यांत घातले जाते: संशोधन, अध्यापन, सेवा. नकाशा जातो सेवेच्या रकान्यात, आणि त्या रकान्याला वजन जवळजवळ नसतेच. भाडेकरू संघटनेने छापलेला अहवाल ‘प्रकाशन’ धरला जात नाही, कारण तो मान्यताप्राप्त नियतकालिकात आला नाही. वस्तीतल्या बायका तिच्या विद्वत्तेची साक्ष देऊ शकत नाहीत. साक्ष मागितली जाते ती दूरच्या विद्यापीठांतल्या प्राध्यापकांकडून, ज्यांनी तो रस्ता पाहिलेला नाही. शिवाय विद्यापीठातल्या प्रत्येक समितीवर विविधतेसाठी एक चेहरा हवा म्हणून तिलाच बसवलेले असते. प्रत्येक एकाकी कृष्णवर्णीय विद्यार्थी तिच्याच दारात येऊन रडतो. ते तास कुठेच मोजले जात नाहीत. शेवटी हितचिंतक तिला सांगतात, बाई, हे समाजाचे काम आधी आवर, नोकरी पक्की झाल्यावर कर.

हा सल्ला देणारे सज्जन असतात, आणि माझा सर्वांत मोठा आरोप या सज्जनांवरच आहे. नियम चूक आहे हे त्यांना कळते. तो नियम बदलण्याचा अधिकारही त्यांच्याच हाती असतो. तरी ते नियमाला हात लावत नाहीत, बाईला तिच्या कामाला मुरड घालायला सांगतात. अर्नेस्ट बॉयर यांनी कार्नेगी प्रतिष्ठानाच्या अहवालात 1990 मध्येच सांगितले होते, की विद्वत्तेची व्याख्या रुंद करा, ज्ञानाचा लोकांसाठी उपयोग करणे हीही विद्वत्ताच आहे. तीन दशके त्या अहवालाचे कौतुक चालले आहे. कौतुकाने एकाचीही नेमणूक वाचत नाही.

यातून जे उरतात, पन्नाशी-साठीला पोचतात, तेच मग ‘ज्येष्ठ’ म्हणून हवेहवेसे होतात. जे काम तरुणपणी नोकरीवर बेतले, तेच काम उतारवयात विद्यापीठाच्या कीर्तीला लागते म्हणून त्याला किंमत येते. रोपाला पाणी द्यायचे नाही आणि फळ आले की बाग आपली म्हणायचे, असा हा व्यवहार आहे. पूर्ण प्राध्यापकांमध्ये कृष्णवर्णीयांचे प्रमाण देशभर जेमतेम 4 टक्के आहे. लोकसंख्येतले त्यांचे प्रमाण तेरा-चौदा टक्के. हा फरक लायक माणसांच्या कमतरतेतून पडलेला नाही. वाटेत गाळून टाकलेल्या माणसांचा तो आकडा आहे.

आणि ज्येष्ठ माणूस येतो तो कुठून? पुष्कळदा हॉवर्ड, स्पेलमन, मोरहाउस यांसारख्या कृष्णवर्णीयांच्या ऐतिहासिक संस्थांतून, किंवा एखाद्या सरकारी विद्यापीठाच्या अपुऱ्या निधीच्या विभागातून. तिथे त्याने तीस वर्षे एका वस्तीशी नाते जोडलेले असते. दुप्पट पगार देऊन त्याला दुसऱ्या शहरात नेले, की ते नाते तुटते. नाते त्या माणसाच्या खिशात नसते. ते त्या गल्लीत, त्या चर्चच्या तळघरात, त्या शाळेच्या फाटकापाशी असते. नव्या शहरातल्या लोकांना हा माणूस कोण हेही ठाऊक नसते. तरी तीन वर्षांत त्याने ‘प्रकल्प’ उभा करून दाखवावा अशी अपेक्षा असते. ज्या गरीब संस्थेने त्याला घडवले तिची जागा रिकामी पडते, आणि ती भरायला तिच्याजवळ पैसे नसतात. पेनसिल्व्हेनियासारख्या विद्यापीठाचा ठेवनिधी 20 अब्ज डॉलरांहून मोठा आहे. मालमत्ता कर न भरणाऱ्या या विद्यापीठाने 2020 मध्ये शहराच्या शाळांतले शिसे आणि ॲसबेस्टॉस काढण्यासाठी दहा वर्षांत 10 कोटी डॉलर द्यायचे कबूल केले. ते त्याच्याच प्राध्यापकांनी आणि कर्मचाऱ्यांनी सह्या गोळा करून दबाव आणल्यावर. ते चांगलेच झाले. पण शेजारच्या शाळेतली मुले शिशाच्या धुळीत बसली आहेत हे कळायला ज्येष्ठ प्राध्यापक नेमावा लागत नाही.

नेमणूक ठरल्यावर तरी ती टिकते का? 2021 मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपेल हिल शाखेने पत्रकार निकोल हॅना-जोन्स यांना वंश आणि शोधपत्रकारितेच्या अध्यासनावर बोलावले. 2020 चा पुलित्झर त्यांना मिळालेला. विभागाने, समित्यांनी कायम नेमणुकीची शिफारस केलेली. या अध्यासनावर त्यांच्या आधी आलेल्यांना कायम नेमणूक मिळालेली. विश्वस्तांनी मात्र त्यांचा प्रस्ताव मतालाच घेतला नाही, पाच वर्षांचा करार पुढे केला. ज्यांच्या नावाने तो पत्रकारिता विभाग ओळखला जातो, त्या देणगीदाराने आपली नापसंती आधीच कळवली होती. देशभर गदारोळ झाल्यावर 30 जून रोजी 9 विरुद्ध 4 मतांनी मंजुरी आली. 6 जुलैला हॅना-जोन्स यांनी ती नाकारली आणि त्या हॉवर्ड विद्यापीठात गेल्या. ड्यू बॉइस अटलांटाला गेले त्या घटनेला तेव्हा 124 वर्षे झाली होती.

दोन वर्षांनी टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने कॅथलीन मॅकएलरॉय या अनुभवी कृष्णवर्णीय संपादक-प्राध्यापिकेला पत्रकारितेचा विभाग उभारायला बोलावले. फुगे लावून, जाहीर समारंभात सही घेतली. मग त्यांनी विविधतेसाठी केलेल्या कामावर ओरड सुरू झाली. कायम नेमणुकीचा प्रस्ताव पाच वर्षांच्या करारावर आला, पाचावरून एका वर्षावर आला. त्यांनी नकार दिला. विद्यापीठाच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले, आणि विद्यापीठाने 10 लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. विद्यार्थ्यांना मात्र ती शिक्षिका मिळाली नाही. 2020 मध्ये पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर घाईघाईने काढलेली निवेदने आणि जाहीर केलेल्या नेमणुका आता कुठे आहेत, हे ज्याने त्याने आपल्या ओळखीच्या विद्यापीठात पाहावे. फ्लोरिडाने 2023 मध्ये शाळांतला आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासाचा प्रगत अभ्यासक्रम नाकारला. टेक्सासने 1 जानेवारी 2024 पासून सरकारी विद्यापीठांतली विविधतेची कार्यालये कायद्याने बंद केली.

हे सगळे परक्या देशातले, आपला काय संबंध, असे मराठी वाचकाने म्हणू नये. फिलाडेल्फिया म्हटले की आपल्याला आनंदीबाई जोशी आठवतात. त्या तिथल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून 1886 मध्ये डॉक्टर झाल्या. ड्यू बॉइस सातव्या वॉर्डात आले ते त्यानंतर दहा वर्षांनी. आनंदीबाईंच्या पदवीदानाला गेलेल्या पंडिता रमाबाईंनी 1889 च्या आपल्या अमेरिकावर्णनात तिथल्या वर्णद्वेषाकडे डोळेझाक केली नाही. त्याही आधी, 1873 मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेब 1913 ला कोलंबियात शिकायला गेले. कोलंबिया ज्या टेकडीवर आहे, तिच्या पायथ्याशी हार्लेम ही कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. 1946 मध्ये त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांनी केलेल्या अर्जाची प्रत मागितली, आणि ड्यू बॉइस यांचे उत्तरही आले. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती ब्लॅक पँथर्सवरून नाव घेऊन. इतकी थोर वंशावळ असलेल्या समाजाने आज अमेरिकेत काय चालवले आहे?

1965 च्या 3 ऑक्टोबरला झालेल्या कायद्याने भारतीयांना अमेरिकेची दारे खऱ्या अर्थाने उघडली. त्याआधी वर्षाला 100 भारतीयांचा कोटा होता. तो कायदा कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीने तापवलेल्या वातावरणात, मतदान हक्काच्या कायद्यानंतर दोन महिन्यांत मंजूर झाला. मतदानाच्या हक्कासाठी सेल्मामध्ये ज्यांनी डोकी फोडून घेतली, त्यांच्या पुण्याईवर आपण व्हिसा घेतले. आणि तिथे पोचल्यावर नव्याने आलेल्या भाच्याला पहिली सूचना कोणती देतो? ‘त्या बाजूला जाऊ नकोस, तिथे काळे राहतात.’ घर घेताना शाळा ‘चांगली’ पाहिजे म्हणतो, आणि चांगली म्हणजे काय हे न बोलताच ठरलेले असते. मुलगी आफ्रिकाना अभ्यासाचा एक वर्ग घेते म्हणाली, तर ‘त्याने नोकरी कुठली मिळणार’ असे विचारतो. मंडळात चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालणाऱ्यांपैकी किती जण शेजारच्या कृष्णवर्णीय चर्चच्या दारात कधी उभे राहिले आहेत? जात इथून तिथे नेली, आणि तिथे गेल्यावर वर्णभेद शिकून घेतला. हे पाप नाकारता येणार नाही.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत आज कितीतरी मराठी प्राध्यापक आहेत. अभियांत्रिकीत आहेत, वैद्यकात आहेत, व्यवस्थापनात आहेत. ते विद्याशाखेच्या समित्यांवर बसतात, कायम नेमणुकीच्या फायलींवर मत देतात. त्यांच्याकडे माझे मागणे आहे. आफ्रिकाना अभ्यासाच्या अशा प्राध्यापकपदाची निवड समिती बनेल, तेव्हा तिच्यात शेजारच्या वस्तीतली दोन माणसे मताच्या अधिकारासह घ्यायला लावा, आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्यायला लावा. वस्तीसाठी लिहिलेला अहवाल, नगरपालिकेपुढची साक्ष, नोंदवून ठेवलेली आठवण ही संशोधनाच्या रकान्यात मोजली जाईल, हे जाहिरात निघण्याआधी लेखी ठरवा, आणि तो नियम ज्येष्ठांपुरता न ठेवता आत्ता तिसऱ्या-चौथ्या वर्षात असलेल्या तरुण शिक्षकांनाही लावा. नेमलेल्या माणसाला नव्या शहरात माणसे जोडायला पहिली वर्षे मोकळी द्या. ज्या गरीब संस्थेतून त्याला आणले तिच्या विभागाला निधी द्या. समितीने कायम नेमणूक दिली आणि विश्वस्त किंवा देणगीदार ती अडवू लागले, तर वर्तमानपत्रात बातमी येण्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी त्या उमेदवाराच्या बाजूने आपले नाव लिहून, सही करून पत्र द्या.